दुसऱ्याच्या गळ्यातले गाणे

गाणारा माणूस गाणे बाजूस ठेवून चाली बांधू लागला म्हणजे आपल्याकडे दोन तऱ्हेचे लोक हळहळतात. एक म्हणतात, ‘बिचाऱ्याचा गळा गेला असावा.’ दुसरे म्हणतात, ‘पैशाच्या मागे लागला.’ त्याला हेच काम अधिक मोठे वाटले असेल, ही तिसरी शक्यता सहसा कोणाच्या मनात येत नाही. चार लोकांपुढे उभे राहून टाळ्या घेण्याचे सोडून कोणी आपण होऊन मागे जाऊन बसेल, हे आपल्याला खरेच वाटत नाही.

आमच्या रत्नागिरीसारख्या गावातही आता गिटार आणि ड्रम घेतलेल्या मुलांचे रॉक बँड संमेलनांतून दिसतात. मधोमध माइक धरून उभा असलेला मुलगा म्हणजे बँड, आणि बाकीचे त्याचे साथीदार, अशीच प्रेक्षकांची समजूत असते. उद्या तोच मुलगा खोलीत बसून दुसऱ्यांसाठी गाणी रचू लागला, त्यांच्या ध्वनिमुद्रणाची मांडणी करू लागला, की आळीतले लोक त्याच्या वडिलांकडे सहानुभूतीने पाहू लागतात. अमेरिकेत ‘बीच बॉईज’ नावाच्या बँडमधल्या ब्रायन विल्सनने १९६४ च्या अखेरीस गावोगाव गात हिंडणे सोडले. बाकीची मंडळी दौऱ्यावर जात आणि हा घरी राहून चाली रचीत असे, वाद्यमेळ जुळवीत असे. त्यातून १९६६ साली ‘पेट साउंड्स’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, आणि तिच्यावर तिकडे आजही पुस्तके लिहिली जातात. आपल्याकडे त्याच्याही तीस वर्षे आधी हे घडून गेले आहे, आणि त्याच्यावर म्हणावे तसे लिहिलेच गेलेले नाही. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांविषयी मी बोलतो आहे.

नाटक मंडळीची आणि रॉक बँडची तुलना केली म्हणून कोणी जुने रसिक रागावतील. पण गंधर्व नाटक मंडळीच्या पिटातले दृश्य आठवून पाहावे. सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा, शेजारी ऑर्गन. आणि समोर प्रकाशात एकच मूर्ती, जिच्यासाठी लोक बैलगाड्या जुंपून आलेले असत. वाद्ये बदलली, कपडे बदलले, प्रेक्षकांचा ओरडा मात्र तोच आहे. तेव्हा त्याला ‘वन्समोअर’ म्हणत.

कृष्णरावांचा जन्म १८९८ चा, आळंदीचा. लहानपणीच ते नाट्यकला प्रवर्तक मंडळीत बालनट म्हणून उभे राहिले, आणि त्या वयात चिकटलेली ‘मास्टर’ ही पदवी केस पांढरे झाल्यावरही सुटली नाही. पुढे भास्करबुवा बखल्यांचे शिष्यत्व मिळाले. बुवांनी फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तिघांची विद्या घेतलेली. म्हणजे शिष्याच्या ताटात एका घराण्याचे वाढप नव्हते, तीन घराण्यांचे होते. कृष्णरावांची गायकी ज्यांनी ऐकली त्यांनी तिच्या चपळाईचे वर्णन करून ठेवले आहे. राग उभा करता करता मध्येच एखादी खोडकर जागा घ्यायची, श्रोत्याला चकवायचे आणि तो सावरेपर्यंत समेवर येऊन हसत बसायचे, असा त्यांचा स्वभाव. अशा माणसाला गर्दी हवीहवीशी वाटली नसती तरच नवल. ते गंधर्व मंडळीत गायक नट म्हणून आले, नावारूपाला आले.

१९२२ साली भास्करबुवा वारले. ‘स्वयंवरा’च्या पदांना ज्यांनी रागदारीचा राजरस्ता दाखविला, ते गेले, आणि मंडळीतल्या नव्या नाटकांच्या चालींचे ओझे शिष्याच्या डोक्यावर आले. वय अवघे चोवीस. येथून पुढची दहा-बारा वर्षे मला फार महत्त्वाची वाटतात, कारण या काळात कृष्णराव एकाच वेळी दोन्ही बाजूंना उभे होते. स्वतः रंगभूमीवर गात होते आणि त्याच रंगभूमीवर आपल्यापेक्षा लोकप्रिय माणसाने काय गावे, हेही ठरवीत होते.

बालगंधर्वांसाठी चाल बांधायची म्हणजे काय, हे जरा उलगडून पाहिले पाहिजे. चाल बांधणारा स्वतः गवई असला, की त्याला सुचणारी पहिली जागा त्याच्याच गळ्याची असते. हात पेटीवर असतो, पण ऐकू येत असतो स्वतःचा आवाज. कृष्णरावांचा गळा धावणारा, आणि बालगंधर्वांचा शब्दावर रेंगाळणारा, स्वराला कुरवाळीत पुढे सरकणारा. कृष्णरावांना रुचेल ती चाल बालगंधर्वांच्या तोंडी तशीच दिली असती, तर दोघांचेही हसे झाले असते. १९३१ च्या ‘कान्होपात्रा’ नाटकातील अभंग ऐकावेत. बादशहाची माणसे न्यायला आलेली, मागे फिरायला वाट नाही, पुढे विठ्ठलाची पायरी. अशा वेळी त्या बाईने आळविलेला अभंग कृष्णरावांनी भैरवीत बांधला आहे. त्यात त्यांची ती प्रसिद्ध चपळाई औषधालाही सापडत नाही. प्रत्येक ओळीला टेकायला जागा ठेवली आहे, आणि ती जागा रिकामी सोडून दिली आहे. तिथे काय भरायचे ते बालगंधर्वांनी रोजच्या रोज ठरवावे. बांधणाऱ्याने आपला हात कुठे आखडता घेतला, हे ज्याला ऐकू येते त्यालाच या चालीची थोरवी कळते.

आम्हां कादंबरी लिहिणाऱ्यांना हे दुखणे चांगले ठाऊक आहे. पहिल्या पुस्तकात सगळी पात्रे लेखकासारखीच बोलतात, कोळीणही, मामलेदारही. तिला तिची बोली द्यायला शिकण्यात अर्धी हयात जाते.

पण मागे जाणे म्हणजे प्रत्येक वेळी असेच घडते असे मात्र नाही. त्याच काळातले एक उदाहरण आमच्या रत्नागिरीशी नाते सांगणारे आहे. सावरकर येथे स्थानबद्ध असताना त्यांनी लिहिलेले ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक १९३१ साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. पदांना चाली रामकृष्णबुवा वझ्यांच्या आणि गळा मास्टर दीनानाथांचा. वझेबुवांच्या अवघड, तिरक्या चालींना दीनानाथांसारखा तेजाळ, झेप घेणारा आवाज मिळाला. आमच्याकडे जुन्या घरांतून त्या पदांचे नाव निघाले की आजही म्हातारी माणसे ताठ होऊन बसतात. दीनानाथही पुढे मागे गेले, पण ते निर्माते झाले. बोलपट आले, नाटकांचे उत्पन्न आटले, आणि मंडळीने सांगलीस ‘बळवंत पिक्चर्स’ काढले. १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ पडद्यावर आले. कंपनी त्यातून वर आली नाही. दीनानाथांना त्या व्यवहाराने जे भोगावे लागले, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९४२ साली वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

दीनानाथांनी गाणे न सोडता वर सारी कंपनी डोक्यावर घेतली. बालगंधर्वांनीही तेच केले होते आणि कर्जाचे डोंगर पाहिले होते. समोर उभे राहून गाणाऱ्याला आपले नाव म्हणजेच भांडवल वाटते, आणि सावकारालाही तसेच वाटते, ही त्यातली खरी फसगत. कृष्णरावांनी मालकीच्या फंदात न पडता नेमके एकच काम उचलले. माझ्या मते त्यांचे शहाणपण इथे दिसते, आणि त्या शहाणपणाचे मोल त्यांच्या एखाद्या तानेपेक्षा कमी नाही.

गंधर्व मंडळीचा पसारा आवरला गेला आणि १९३५ साली पुण्याच्या प्रभात कंपनीत ‘धर्मात्मा’ तयार झाला. नाथमहाराजांच्या भूमिकेत बालगंधर्व, दिग्दर्शन शांतारामबापूंचे, संगीत मास्टर कृष्णरावांचे. ज्यांना उभा महाराष्ट्र शालूत पाहत आला त्यांना पुरुषवेषात पाहून प्रेक्षक बावरले, आणि बालगंधर्वांनाही कॅमेऱ्यापुढे करमले नाही. चित्रपटाचा सामाजिक आशय मोठ्या मोलाचा होता. संगीताबद्दल मात्र मला तसे म्हणवत नाही. ‘धर्मात्मा’तील गाण्यांत कृष्णराव अजून नाटकातच आहेत. वन्समोअर देणारे कोणी समोर नाही, हे गाणाऱ्याला कळलेले नाही आणि बांधणाऱ्यालाही पुरते उमगलेले नाही.

ते उमगायला फार काळ लागला नाही. नाटकात पद तीन मिनिटे चालावे की तीस, हे प्रेक्षकांच्या खुशीवर असे. तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे सुईच फिरत नाही, आणि पडद्यावरच्या पात्राला गाणे संपवून पुढच्या प्रसंगात जायचे असते. म्हणजे जे सांगायचे ते मुखड्यातच सांगितले पाहिजे, आणि मधल्या जागा वाद्यांनी भरल्या पाहिजेत. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज मायक्रोफोनने संपविली. ज्या गुणावर जुना गायक नट जगला तो गुणच बाजारातून उठला. कितीतरी जुने गवई या घावाने कायमचे मिटले. कृष्णरावांनी याचा अर्थ उलटा लावला. आवाज फेकायचा नसेल तर ज्यांना फेकता येत नाही तेही गाऊ शकतील, असे त्यांनी ताडले असावे. कारण यापुढची त्यांची उत्तम गाणी मैफलीच्या गवयांनी गायिलेलीच नाहीत.

१९३६ च्या ‘अमरज्योती’त शांता आपटे आणि वासंती यांच्या आवाजांना त्यांनी जवळजवळ आणले. पण कळस झाला तो १९३९ च्या ‘माणूस’मध्ये. गणपत हवालदार आणि नाचगाण्यावर पोट भरणारी मैना यांची ती कहाणी. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांची कामे, अनंत काणेकरांची गीते. मैनेचे ते गाणे, ज्यात एकामागून एक निरनिराळ्या भाषांतली कडवी येतात, ते न ऐकलेला मराठी माणूस निदान माझ्या वयाच्या वर तरी मिळणार नाही. ही बाई उद्याची फिकीर नाही असे गाऊन सांगते, कारण उद्याची फिकीर करणे तिला परवडण्याजोगे नाही. गाणे विकणारी बाई जसे गाईल तसेच ते बांधले आहे. चटपटीत, गिऱ्हाइकाला खूष करणारे, प्रत्येकाला त्याच्या भाषेत थोडे थोडे देणारे, आणि कोणालाच स्वतः न देणारे. चाल इतकी सोपी की टांगेवाल्यानेही ती दुसऱ्या दिवशी गुणगुणावी. मात्र गाता गाता तिच्या पोटात एक कोरडेपणा सापडतो. भास्करबुवांच्या गंडाबंद शिष्याने हे करावे यात घसरण झाली असे त्या वेळी कित्येकांना वाटले असेल. मला उलट वाटते, की एका पेशावर बाईच्या गळ्यात आपली विद्या अशी लपविता येणे ही विद्येची परीक्षाच होती. त्या गाण्यात मैना आहे, तिची माडी आहे, खाली उभी असलेली गिऱ्हाइके आहेत. मास्टर कृष्णराव शोधून सापडत नाहीत. हुबळीकडच्या या नटीने पुढे आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याला नाव दिले ‘कशाला उद्याची बात’. दुसऱ्याने बांधलेले गाणे तिच्या आयुष्याचे शीर्षक होऊन बसले.

१९४१ च्या ‘शेजारी’त तर त्यांनी एक पाऊल आणखी पुढे टाकले. हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या मैत्रीवरचा तो चित्रपट. त्यातले सगळ्या गावाने मिळून नाचत गायचे गाणे घ्या. शांताराम आठवल्यांच्या त्या गीतात एकट्या गळ्याला मोठेपणा नाही. कोण पुढे आणि कोण मागे, हे ऐकताना ठरवितासुद्धा येत नाही. शेवटी धरण फुटून दोन्ही मित्रांचा अंत होतो तेव्हा आपल्याला हुरहूर लागते, त्याला हे आधीचे सामुदायिक गाणेही कारण आहे. गाव एका सुरात गाताना आपण ऐकलेला असतो.

आता ‘कुलवधू’कडे येतो. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने हे नाटक आणले. पात्रे थोडी, बैठकीच्या खोलीचा देखावा, मोजकी पदे, आणि नाटक वेळेत संपवून माणसे घरी. रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकाला हा मोठाच फरक. नायिका भानुमती म्हणून ज्योत्स्नाबाई भोळे. ‘आंधळ्यांची शाळा’ या १९३३ च्या नाटकापासून त्यांनी रंगभूमीवर स्त्रीने स्त्रीसारखे बोलावे-गावे असा पायंडा पाडलेलाच होता. गोव्याच्या मातीतला, पण भावगीताच्या आणि रेडिओच्या वळणाने घडलेला तो आवाज. घरात कोणी ऐकत नसताना बाई गाते तसा.

या ज्योत्स्नाबाईंसाठी कृष्णरावांनी पुन्हा भैरवीच घेतली. कान्होपात्रेची भैरवी आणि भानुमतीची भैरवी यांत अकरा वर्षांचे अंतर आहे. बांधणारा एकच, राग एकच. पहिली ऐकताना आपण देवळाच्या पायरीशी असतो. दुसरी शुभप्रसंगी गोड बोलावे अशी विनवणी करणारी, पांढरपेशा घराच्या दिवाणखान्यातली. तिच्यात खिडकीतून ऊन येते. पहिलीत मोकळ्या जागा मोठ्या, कारण त्या भरणारा बालगंधर्व होता. दुसरीत मोकळ्या जागा ठेवलेल्याच नाहीत. छोट्या छोट्या वळणांनी ओळ आपल्या मुखड्याकडे परत येते आणि बाईला कुठेही कसरत करावी लागत नाही. एकाच रागाची ही दोन अंगे बालगंधर्व आणि ज्योत्स्नाबाई यांच्या अदलाबदलीने गाऊन पाहा, म्हणजे मनातल्या मनात. दोन्ही मोडतील. चाल गळ्याला शिवलेली असते ती अशी. वरून कापड तेच, पण खांद्याचे माप वेगळे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कृष्णरावांनी आपले सारे बळ ख्यालावर खर्च केले असते तर महाराष्ट्राला अव्वल दर्जाचा एक आणखी गवई मिळाला असता, असे जाणते लोक म्हणतात. त्यांनी मैफली सोडल्या नव्हत्या, पुण्यातील गुरूच्या भारत गायन समाजाचीही सेवा केली, ‘रागसंग्रहमाला’ लिहिली. पण चाली बांधणारा माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या गळ्यात असतो. आपल्या गळ्याकडे परत यायला त्याला उसंत कमी मिळते. हे नुकसान झाले. ते झाले नाही असे म्हणणे म्हणजे भाबडी भक्ती. चित्रपटांच्या घाईत त्यांनी बांधलेली काही गाणी साचेबंद आहेत, आणि ती आज कोणी ऐकत नाही यात ऐकणाऱ्यांचा दोष नाही. परंतु ज्या नुकसानाच्या बदल्यात ‘माणूस’ आणि ‘कुलवधू’ मिळते, ते मी तरी आनंदाने सोसतो. अव्वल गवई महाराष्ट्राने पुष्कळ दिले. बालगंधर्व, शांता हुबळीकर आणि ज्योत्स्ना भोळे या तिघांच्या गळ्यात शिरून त्या त्या माणसाचेच गाणे काढणारा, दुसरा कोण?

मागे गेलेल्या माणसाला पुढे यावेसे कधी वाटत नसेल काय? वाटत असणारच. १९४४ साली राजकमलच्या ‘भक्तीचा मळा’ या चित्रपटात कृष्णराव सावता माळ्याच्या भूमिकेत पुन्हा लोकांपुढे आले. शेचाळीस वर्षांचे वय, प्रसिद्ध नाव, स्वतःचा गळा. मला या घटनेत एक हळवेपणा दिसतो. पण चित्रपट येऊन गेला आणि लोकांच्या तोंडी राहिली ती त्यांनी दुसऱ्यांसाठी बांधलेलीच गाणी. कांद्या-मुळ्याच्या भाजीत विठाई पाहणाऱ्या सावत्याची भूमिका नेमकी त्यांच्याच वाट्याला यावी, हा योगायोग असेल तर मोठा सुंदर योगायोग आहे. सावताही पंढरीला जाऊन पुढे उभा राहिला नाही. आपल्या मळ्यातच राबला.

आणि आता ज्या चालीसाठी त्यांनी सर्वाधिक झगडा केला, ती. स्वातंत्र्यापूर्वी मुंबई रेडिओवर ‘वंदे मातरम्’ गाऊ दिले नाही, म्हणून त्यांनी रेडिओवर गाणेच बंद केले होते. गवयाला रेडिओ म्हणजे त्या काळी केवढा मोठा मंच, हे सांगायला नको. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीताचा प्रश्न निघाला, तेव्हा ‘वंदे मातरम्’ बँडवर वाजण्याजोगे नाही, परदेशी वाद्यवृंदाला ते जमणार नाही, असा एक आक्षेप होता. नेहरूंनी १९४८ साली संविधान सभेत वाद्यवृंदाच्या सोयीचा मुद्दा मांडलाच होता. कृष्णरावांनी वादविवाद न करता पेटी उघडली. झिंझोटीत त्यांनी अशी चाल बांधली, की ती शाळेतल्या पोराला गाता यावी, हजारोंच्या सभेला एकदम उचलता यावी आणि बँडलाही वाजवता यावी. बँडवर वाजवून दाखविली, दिल्लीपर्यंत जाऊन ऐकविली. निर्णय त्यांच्या मनाजोगता झाला नाही. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान देण्याचे घोषित झाले.

राजकारण बाजूला ठेवून नुसती चाल म्हणून या खटपटीकडे पाहावे. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याने केवळ एका बालगंधर्वांच्या गळ्याचे माप घेतले होते, तो आता कोणाचे माप घेत होता? ज्यांना गळा नाही त्यांचे. सूर धरता येत नाही अशा माणसाचा सूरही शेजाऱ्याच्या सुरात मिसळून जाईल, अशी बांधणी करणे किती कठीण असते ते शाळेत प्रार्थना बसविणाऱ्या कोणत्याही मास्तराला विचारावे. दीडशे पोरांत सुरात असतात पंधरा. आणि चाल जर उंच गेली तर ते पंधराही बाहेर पडतात. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी बुद्धवंदनेलाही स्वर दिले. तीही अशीच, विहारात ओळीने बसलेल्या साध्या माणसांनी एकदम म्हणायची. ती म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना चाल बांधणाऱ्याचे नाव माहीत असेल?

या नावाच्या बाबतीत आपण फार कृपण आहोत. संमेलनात निवेदिका गायिकेचे नाव सांगते, मूळ गायिकेचे सांगते, कवीचे आठवले तर सांगते, आणि चालीचे नाव घ्यायच्या आत तबला सुरू होतो. मोबाइलवर गाणे लावले तर चित्र गाणाऱ्याचे येते. कृष्णरावांना सरकारने १९७१ साली पद्मभूषण दिले, १९७४ साली ते गेले, पुण्यामुंबईत त्यांच्या स्मृतिदिनी कार्यक्रम होतात. हा झाला मान. पण त्यांच्या चालींची समीक्षा, एकेका चालीत त्यांनी काय ठेवले आणि काय काढून टाकले याचा हिशेब, आपल्या संगीतसमीक्षेने मांडायचा राहिला आहे. गायकाच्या तानेवर दहा पाने लिहिणारे टीकाकार चालीला एका वाक्यात वाटेला लावतात. यंदाच्या दिवाळीत पहाटेच्या कार्यक्रमाला जाल तेव्हा जे आवडेल त्याची चाल कोणाची, एवढे तरी शेजारच्याला विचारून पाहा.

आणि घरी येऊन जमले तर १९५९ च्या ‘कीचकवध’ चित्रपटातील लताबाईंचे ते धुंद रात्रीचे गाणे लावा. गीत माडगूळकरांचे. गाणारी दीनानाथांची लेक, ज्या दीनानाथांच्या मंडळीचे आणि गंधर्व मंडळीचे चाहते एके काळी एकमेकांशी हमरीतुमरीवर येत. बांधणारे गृहस्थ साठी उलटलेले. ते गाणे कोणाचे वय सांगत नाही. मुलांना न सांगता ऐकवावे, आणि मग विचारावे, हे कोणी बांधले असेल. आमच्या घरी एकाने बेधडक सांगितले, ‘बांधणारा तरुण असणार.’ मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही. आधी ‘कान्होपात्रा’ ऐकवणार आहे.